पंचनाम्यातला पोपट

घडी घातलेला पांढरा रुमाल कोणी हातात ठेवला की मला आजही ती घटना आठवते. नोकरीच्या सगळ्या वर्षांत चोऱ्या, दरोडे, मारामाऱ्या भरपूर पाहिल्या; पण ज्या तपासात मला सर्वांत जास्त घाम फुटला, तो होता मुलींच्या एका शाळेतल्या रुमालांचा. कोणाला साधं खरचटलंही नव्हतं. तरीही एका मुलीचं वर्ष, आणि कदाचित पुढचं शिक्षणच, माझ्या अहवालाच्या चार ओळींवर अडकलं होतं. नावं मी कोणाचीच देत नाही.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. गुजरात आणि महाराष्ट्र मिळून एकच द्वैभाषिक राज्य केलेलं, आणि त्यावर सगळं गिरणगाव खवळलेलं. मी परळ भागातल्या एका ठाण्यात नवा फौजदार होतो. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, पण घरी जायचो ते जेवायला आणि कपडे बदलायला. रोज मोर्चा, रोज सभा, रोज बंदोबस्त. बायको सकाळी डबा आणि रुमाल हातात ठेवायची, मी रुमाल खिशात कोंबायचो आणि जिना उतरायचो.

एका मंगळवारी ठाण्यात निनावी पोस्टकार्ड आलं. आमच्या हद्दीतल्या एका मुलींच्या शाळेत दुसऱ्या दिवशी शिक्षणखात्याचे मोठे अधिकारी येणार होते. त्यांच्यासमोर सगळ्या मुली चळवळीची खूण अंगावर लावून उभ्या राहणार आहेत, अशी खबर होती. खाली सही होती, 'एक शिस्तप्रिय पालक'. मोठ्या साहेबांनी कार्ड माझ्याकडे सरकवलं आणि शाळेवर एकही बिल्ला दिसता कामा नये असं बजावलं.

शाळेच्या मुख्याध्यापिका, मोठ्या बाई, शिस्तीच्या बाबतीत आमच्या साहेबांच्याही वरचढ होत्या. बिल्ला, झेंडा, रंगीत फीत यांना शाळेत कधीच बंदी घातलेली. पांढरा ब्लाऊज, निळा स्कर्ट, दोन वेण्या. पाचवीपासून अकरावीपर्यंतच्या प्रत्येक मुलीच्या डाव्या खांद्यावर पिनेनं लावलेला पांढरा रुमाल. तो रुमाल मुलीनं शिवणाच्या तासाला स्वतःच्या हातानं भरलेला असावा आणि भरतकामाचा कोपरा पुढून दिसावा, हा नियम खुद्द बाईंचा. ज्या मुलीचा रुमाल नसेल तिला परत घरी पाठवत.

बुधवारी सकाळी फाटकावर दोन शिक्षिका दप्तरं उघडून पाहत होत्या आणि मी शेजारी वही घेऊन उभा होतो. चिंचा निघाल्या, आवळे निघाले, एका नटाचा फोटो निघाला. एकीच्या डब्यात पोळीखाली दुसऱ्या नटाचा फोटो होता. बिल्ला एकही नाही. मी वहीत 'आक्षेपार्ह काही नाही' असं लिहून सही ठोकली आणि पोस्टकार्ड लिहिणाऱ्या पालकाला मनातल्या मनात चार शब्द सुनावले.

पाहुणे आले. मुली पटांगणात रांगा करून उभ्या राहिल्या. शिक्षणखात्याचे साहेब हसत हसत पहिल्या रांगेसमोरून चालू लागले. तिसऱ्या मुलीपाशी त्यांची चाल मंदावली, सातव्या मुलीपाशी हसू गेलं, आणि रांगेच्या टोकाला पोहोचेपर्यंत त्यांचे कान लाल झाले होते. जवळजवळ प्रत्येक मुलीच्या खांद्यावरच्या रुमालाच्या कोपऱ्यात हिरव्या दोऱ्यानं एकच आकृती भरली होती. डावीकडे रुंद, उजवीकडे निमुळती होत गेलेली, आणि पश्चिमेच्या कडेवर, बरोबर जिथे मुंबई असायला हवी तिथे, लाल दोऱ्याचा एक ठसठशीत टाका. मी फाटकावर त्या सगळ्या मुलींकडे पाहिलं होतं. पण जे गणवेशात असायलाच हवं, ते कोण तपासतो?

पाहुणे चहा न घेता गेले. मोठ्या बाई पांढऱ्याफटक पडल्या. मी हवालदाराला पंचनामा करायला बसवला. हा हवालदार मुरलेला माणूस, अक्षर वळणदार आणि पंचनाम्यात कधी खोट काढू न देणारा. पंच म्हणून समोरचे वाणी आणि फाटकाबाहेर पाटी घेऊन बसणारी माहीमची एक कोळीण आली. हवालदारानं रुमाल समोर धरून आकृती कशाची ते विचारलं. वाण्यांनी चष्मा लावून ती कोयरी असल्याचं सांगितलं. कोळीण म्हणाली, कोयरी कसली, हा सरंगा मासा आहे, शेपटी बघा की. दोघांचं जुंपलं. शेवटी हवालदारानं माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, नकाशा लिहू?"

"कुठल्या राज्याचा लिहिणार?"

हवालदारानं लेखणी खाली ठेवली. पेच त्याच्याही लक्षात आला. सरकारी कागदावर महाराष्ट्र नावाचं राज्यच नव्हतं. 'मुंबईसह महाराष्ट्राचा नकाशा' असं आम्ही लिहून त्यावर शिक्का मारला असता, तर लोक ज्यासाठी रोज लाठ्या खात होते ते आम्हीच पंचांसमक्ष मान्य केल्यासारखं झालं असतं. मी ठाण्यातल्या मोठ्या साहेबांना फोन लावला. त्यांनी बराच वेळ विचार करून सांगितलं की नकाशा हा शब्द वापरू नका आणि नकाशा नाही असंही लिहू नका. मग आकृतीची जागा कोरी ठेवून आम्ही बाकीचा पंचनामा पुरा केला.

मुद्देमाल म्हणून जप्त केलेल्या रुमालांना रॉकेलचा वास येत होता. हवालदारानं हुंगून लगेच सांगितलं, ही खाक्याची करामत. पातळ कागदावर चित्र काढायचं, रेघांवर सुईनं बारीक भोकं पाडायची, कागद कापडावर ठेवायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्यानं फिरवायची. चित्र खाली उमटतं. म्हणजे एकाच खाक्यावरून सगळे रुमाल. शिवणाच्या कपाटात मोर, कमळ आणि द्राक्षांच्या घोसाच्या खाक्यांमध्ये तो सापडलाही. कडेला पेन्सिलीनं एकच शब्द लिहिला होता, 'पोपट'.

शिवणाच्या बाई विधवा होत्या, दोन लेकरं पदरात. खाका आपला नाही, एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. इतक्यात अकरावीतली एक मुलगी पुढे आली आणि म्हणाली, खाका कपाटात मी ठेवला, मुलींना रुमाल मी छापून दिले, बाईंना काही ठाऊक नाही. मोठ्या बाईंना तेवढं पुरे झालं. शनिवार हा मॅट्रिकचे फॉर्म पाठवण्याचा शेवटचा दिवस होता. पोलिसांचा अहवाल येईपर्यंत या मुलीच्या फॉर्मवर मी सही करणार नाही, असं त्यांनी तिथेच जाहीर केलं.

मुलगी डिलाईल रोडच्या चाळीतली. वडील गिरणीत साचे म्हणजे माग चालवायचे. त्यांच्या माळ्यावर मॅट्रिकपर्यंत पोहोचलेली ही पहिलीच मुलगी. दुसऱ्या दिवशी वडील पाळी सुटल्यावर केसांत कापूस घेऊनच ठाण्यात आले, बाकावर बसायला तयार होईनात.

"सायबानू, काय तां माका सांगा," ते हात जोडून म्हणाले. "पण चेडवाचो फारम अडवू नकात."

मी त्यांना हाताला धरून बाकावर बसवलं. पण नोकरी नवी होती, आणि खाका कोणी काढला हे सांगितल्याशिवाय बाई ऐकणार नव्हत्या. मी आधी शास्त्रोक्त तपास केला. अकरावीच्या सगळ्या मुलींना बसवून प्रत्येकीकडून कागदावर दहा वेळा 'पोपट' लिहून घेतलं. मुली माना खाली घालून खुसखुसत होत्या. ते चारशेच्या वर पोपट मी आणि हवालदारानं दुपारभर भिंग लावून तपासले. खाक्यावरच्या पोपटाशी एकही जुळला नाही. प चं पोट असं वळवून काढण्याची लकब कुठेतरी पाहिलीय असं मात्र मला सारखं वाटत राहिलं.

मग उरला जबाब. मुलीला ठाण्यात बोलावणं बरं दिसेना, म्हणून शुक्रवारी मोठ्या बाईंच्या खोलीतच बसलो. बाई टेबलापलीकडे, हवालदार लिहायला, मुलगी समोर ताठ उभी. ऑक्टोबरचा उकाडा आणि खोलीला पंखा नाही.

आकृती कशाची, मी विचारलं. पोपटाची, ती म्हणाली. पोपट असा आडवा कसा? उडतोय साहेब. मग हा लाल ठिपका कसला? पोपटाची चोच लालच असते. शेपटी नागपूरकडे कशी काय, असं मी चुकून विचारून बसलो, तेव्हा तिनं अगदी भाबडेपणानं विचारलं, "नागपूर कुठून आलं साहेब?" हवालदारानं तो प्रश्न लिहून घेतला नाही, याबद्दल मी त्याचा आजन्म ऋणी आहे.

खाका कोणी काढला, या एकाच प्रश्नावर ती गप्प व्हायची. मी रागावून पाहिलं, समजावून पाहिलं. फॉर्म जाईल, वर्ष जाईल, वडिलांचा तरी विचार कर, हेही सांगितलं. त्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड उघडलं नाही. आणि एक गोष्ट मला छळत होती. मी घाम पुसायला रुमाल काढला की ही मुलगी, रडवेली असली तरी, ओठ दाबून हसू आवरायची. सराईत गुन्हेगारसुद्धा माझ्यासमोर असे वागले नव्हते.

शाळा सुटल्याची घंटा झाली. खिडकीतून फाटकापाशी तिचे वडील उभे दिसत होते. बाई म्हणाल्या, आता पुरे, मी फॉर्म बाजूला ठेवते. त्यांनी खण उघडला. मी कपाळ पुसलं. मुलीनं वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"साहेब, रागावणार नसाल तर एक विचारू? तुमच्या हातातला रुमाल कोणी भरला?"

मी रुमाल उलगडला. कोपऱ्यात हिरवा पोपट होता. उडणारा, शेपूट पूर्वेला, चोच लाल. तीन दिवस मी असल्याच रुमालानं घाम पुसत चौकशी करत होतो. हवालदार छताकडे पाहू लागला. मोठ्या बाईंनी रुमालाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खण हळूच लोटून दिला. त्या खोलीत मला जी लाज वाटली, ती पुढे कधी वाटली नाही.

तडक घर गाठलं. बायको भाकरी थापत होती. रुमाल तिच्यासमोर धरून विचारलं, हे काय आहे? तिनं वर न पाहता सांगितलं, पोपट. पोलीस लाईनीतल्या बायका शनिवारी दुपारी त्याच शाळेत शिवणाच्या वर्गाला जातात, हे तिनं मला पूर्वी दोनदा सांगितलेलं होतं म्हणे.

"आणि ही लाल चोच?"

"चोचीशिवाय पोपट खाईल काय?" ती म्हणाली. थोड्या वेळानं तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "असे सहा रुमाल भरून दिले. दीड महिना झाला. तुम्ही एकदा तरी उघडून बघाल असं वाटलं होतं."

 जेवण झाल्यावर मी अहवाल लिहिला. रुमालावरील आकृती पोपटाची असून असे पोपट या भागात घरोघरी भरले जातात. याची मी समक्ष खात्री केली आहे. विद्यार्थिनीची वर्तणूक चांगली आहे. पंचनाम्यातल्या कोऱ्या जागेत हवालदारानं आपल्या वळणदार अक्षरात 'पोपट' भरलं. कोळणीनं सरंगा म्हणून जाहीर निषेध नोंदवला, पण अंगठा दिला. शनिवारी सकाळी बाईंनी फॉर्मवर सही केली. सोमवारपासून शाळेत बिनभरतकामाचे रुमाल आले.

मुलगी मॅट्रिक झाली, पेढे घेऊन ठाण्यात नव्हे तर लाईनीतल्या आमच्या घरी आली. माझ्या हातावर पेढा ठेवून सरळ स्वयंपाकघरात गेली, आणि आतून दोघींच्या हसण्याचा आवाज कितीतरी वेळ येत होता. बायकांच्या गप्पा, असं समजून मी पेपर वाचत बसलो. पुढे राज्य झालं, त्या दिवशी शाळेच्या फाटकावर माझाच बंदोबस्त होता. पटांगणात मुलींनी हिरव्या रांगोळीनं नकाशा काढला होता. मोठ्या बाई मला आत घेऊन गेल्या आणि विचारलं, बरोबर आलाय ना? मी म्हणालो, बाई, चोच जरा लहान झाली. त्या मोठ्यानं हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा प्रथम पाहिलं.

या प्रकरणानं मला एवढंच शिकवलं की माणसानं जग तपासायला निघण्यापूर्वी आपला खिसा पाहावा. खाका कोणी काढला, ते मात्र शेवटपर्यंत कळलं नाही. इथे हा लेख संपणार होता.

पण लिहिलेलं घरात वाचून दाखवायची माझी सवय आहे. शेवटच्या ओळीला बायकोनं हात वर करून मला थांबवलं. उठली, फळीवरच्या डब्याखालून वाण्याची यादी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. गेली कित्येक वर्षं मी त्या अक्षरातल्या याद्या घेऊन बाजारात जातोय. पहिलीच ओळ होती, 'पापड'. दोन्ही प ची पोटं तशीच वळवलेली.

"माहेरी रांगोळीत माझा हात चालायचा," ती म्हणाली. "तुम्ही भिंग घेऊन नको त्या पोरींचे पोपट तपासत होतात. शनिवारच्या वर्गात मदतीला असायची ती पोर; तिला मी निरोप पाठवला होता, माझं नाव सांगून टाक म्हणून. तिनं उलट कळवलं, साहेबांची नोकरी जाईल, मी बघते."

 माझ्या नोकरीसाठी एक सोळा वर्षांची पोर आपलं वर्ष घालवायला निघाली होती, आणि मी तिला दरडावत होतो. डोळे भरून आले, रुमाल काढला. यावेळी आधी उघडून पाहिला. कोपऱ्यात काही नव्हतं.

"आता भरत नाही," बायको म्हणाली. "डोळे साथ देत नाहीत. यादी घ्या, आणि पापड विसरू नका."