जलेबी मेंढ्या राखायला शिकते

आमच्या घरी आलेल्या पाहुण्याला परत जायचं असेल, तर आधी आमच्या कुत्रीची परवानगी लागायची.

जलेबी तिचं नाव. जबलपुरात खव्याची जलेबी काळीकुट्ट असते आणि ही तिच्याहून एक घाणा जास्त तळलेली, म्हणून लेकीनं हे नाव ठेवलं. विकणाऱ्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, की बाप मेंढ्या राखणाऱ्या विलायती जातीचा आणि आई सदर बाजारची. पुढे लेकीला हैदराबादला नोकरी लागली. "बाबा, बस दो महीने सँभाल लो," म्हणून ती गेली (आमच्या लेकीला मराठी सगळं समजतं, बोलायची वेळ आली की हिंदी सुचतं), आणि जलेबी नेपियर टाउनच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर कायमची मुक्कामाला राहिली. विखुरलेलं सगळं एका जागी गोळा करून बसवायचं, हा बापाचा गुण तिच्या रक्तातच होता. नेपियर टाउनात मेंढ्या मिळत नाहीत. तिनं पाहुण्यांवर भागवलं.

म्हणजे व्हायचं असं. पाहुणा "बरं, निघतो" म्हणून सोफ्यावरून उठायचा. माझी आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, काहून उठले? बसा नं, चहा ठेवून राहिली मी." तेवढ्यात जलेबी पाहुण्याच्या आणि दाराच्या मध्ये हजर. भुंकणं नाही, चावणं नाही. पोट जमिनीला टेकवलेलं आणि नजर रोखलेली. पाहुणा डावीकडे सरकला की ही डावीकडे, उजवीकडे सरकला की ही उजवीकडे. शेवटी तो मुकाट्यानं सोफ्यावर बसायचा. मग त्याला चहा मिळायचा आणि जलेबीला तूप लावलेल्या पोळीचा तुकडा.

हे असं वर्षभर चाललं. आम्ही त्याचं कौतुकच करत होतो. मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं.

हळदीकुंकू माझ्या बायकोचं, मंजूचं. आल्या होत्या बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका, त्यात सोसायटीचे सेक्रेटरी दुबेजी यांच्या सौभाग्यवतीही. तिळगूळ झाला, वाण झालं, बायका उठल्या. त्या उठल्या म्हणून आई उठली, आई उठली म्हणून जलेबी उठली. थोड्या वेळानं पाहतो तर सगळ्या जणी साड्या सावरत बाल्कनीच्या कोपऱ्यात कपड्यांच्या स्टँडमागे दाटीवाटीनं उभ्या, आणि जलेबी समोर समाधानानं पसरलेली. "भाईसाहब, हमारे यहाँ खाना बनना है अभी," दुबेबाई काकुळतीला येऊन म्हणाल्या. मी पट्टा ओढला, बिस्किट दाखवलं, रागावलो, हात जोडले. उपयोग शून्य. एवढ्यात बायकोला शोधत दुबेजी स्वतः वर आले. "क्या हो रहा है यहाँ?" असं त्यांनी दरडावून विचारलं खरं, पण त्याचं उत्तर मिळेपर्यंत तेही स्टँडमागे पोचले होते.

दुसऱ्या दिवशी दुबेजींनी मला खाली बोलावलं.

"देखिए, मैं कठोर आदमी नहीं हूँ," ते कठोरपणे म्हणाले. "एक हफ्ता देता हूँ. अगले सोमवार शाम को मैं आपके यहाँ आऊँगा, बैठूँगा, और उठकर जाऊँगा. जा पाया, तो कुत्ता रहेगा. नहीं जा पाया, तो सिहोरा में मेरे साले का खेत है. वहाँ खुश रहेगा."

मी घरी येऊन हे सांगितलं. आईनं ताट बाजूला सारलं. "जाऊ द्या तिला," म्हणाली, "मीही जाते तिच्यासंगं सिहोऱ्याला. इथे तरी कोण बोलते माझ्याशी दिवसभर?"

माझे बाबा वारल्यावर आई कारखान्याच्या इस्टेटीतलं, म्हणजे वसाहतीतलं, घर सोडून आमच्याकडे आली होती. मी बँकेत, मंजू शाळेत. दिवसभर घरात आई आणि जलेबी. जलेबी गेली असती तर आई काय करणार होती, याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. आणि ज्या माणसाजवळ उत्तर नसतं, तो पुढाकार घेतो.

"मी शिकवतो तिला," मी जाहीर केलं.

"तुम्ही?" मंजू म्हणाली. बस, एवढंच म्हणाली.

गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की हा गुण दाबून उपयोग नाही, त्याला वळण लावायला हवं. कुंडमच्या रस्त्यावर एका निवृत्त सूबेदारसाहेबांचं शेत आहे, फौजेत त्यांनी जन्मभर कुत्र्यांना शिकवलं, आता शनिवार-रविवारचं शिबिर घेतात, खऱ्या मेंढ्यांसकट. कुत्रं तिथे कामाला लागायला शिकतं आणि मुख्य म्हणजे थांबायला शिकतं. मी लगेच नाव नोंदवलं, शिट्टी विकत घेतली आणि बाथरूममध्ये सराव सुरू केला. पहिल्याच दिवशी बिल्डिंगचा चौकीदार धावत वर आला. जलेबीनं मात्र कान हलवला नाही.

शनिवारी आम्ही निघालो. आईला घरी ठेवायचा विचार होता, पण ती आधीच गाडीत जाऊन बसली होती. तिच्या मांडीवर थर्मास, पोळ्यांचा डबा, बटाट्याची भाजी आणि चिवड्याची पिशवी. "तिथे बिचाऱ्यांना कोण खायला घालते?" तिनं विचारलं. बिचारे कोण, ते तिनं सांगितलं नाही. कुत्रे, माणसं आणि मेंढ्या, सगळेच असावेत.

सूबेदारसाहेब उंच, मिशा ताठ, आवाज परेडचा. "डॉग एक ही आदमी का होता है," त्यांनी सगळ्यांना रांगेत उभं करून सांगितलं, आणि माझ्यापाशी थांबले. "ये किसका डॉग है?"

"मेरा, सर."

"आपकी सुनता है?"

"बिलकुल, सर."

जलेबी त्यावेळी लांब मोहाच्या झाडाखाली आईच्या खुर्चीला टेकून बसली होती. ऊन आहे ना, म्हणून, असं मी सांगितलं. (जानेवारी होता. मी स्वेटर घातला होता.)

माझ्या आधी एका मॅडमचा पग होता. शेरू नाव. हा शेरू मेंढीच्या गुडघ्याला जेमतेम लागत होता, तो इथे का आला हे त्यालाही कळत नसावं. पण मॅडमनी हात केला आणि शेरू धापा टाकत मेंढ्यांच्या मागे गेला, त्याच्या घोरण्याला बिचकून मेंढ्या चार पावलं पुढे सरकल्या. टाळ्या पडल्या. मग माझं नाव पुकारलं गेलं.

मी मैदानात उतरलो, छाती फुगवली आणि शिट्टी फुंकली. मेंढ्यांनी वर पाहिलं, शेरूनं वर पाहिलं, सूबेदारसाहेबांनी तर आभाळाकडे पाहिलं. जलेबी जांभई देऊन आईच्या खुर्चीखाली आडवी झाली. मी पुन्हा शिट्टी फुंकली. मग हाक मारली, मग लाडीगोडी, मग पुन्हा शिट्टी. "आप बोलते बहुत हैं," साहेब म्हणाले. एव्हाना मेंढ्या कंटाळून दुसऱ्या टोकाला निघाल्या होत्या. कोणीतरी त्यांना वळवायला हवं होतं, आणि दुसरं कोणी ते करत नव्हतं, म्हणून मीच त्यांच्यामागे धावलो.

बँकेत खुर्चीवर बसून वाढलेलं शरीर ते. मेंढ्या पुढे, मी मागे, माझ्यामागे मफलर. पलीकडून आईची हाक आली, "अरे, कुठे जाऊन राहिलास उन्हात? ये इकडे, बस, चहा घे!"

आणि जलेबी सुटली. काय सुटली म्हणता! जमिनीला चिकटून, मोठा वळसा घेऊन ती आमच्यापुढे आली. मी डावीकडे गेलो, ती डावीकडे. मेंढ्या उजवीकडे गेल्या, ती उजवीकडे. बघता बघता तिनं आम्हा सगळ्यांची एक मोट बांधली आणि कोपऱ्यातल्या बांबूच्या कुंपणात नेऊन घातली. मी आणि मेंढ्या आत, जलेबी फाटकाशी. "वाह! क्या काम किया है!" सूबेदारसाहेबांनी टाळी वाजवली. "देखा, आपकी सीटी का असर!"

सीटीचा असर असा, की मला बाहेर येता येईना. फाटकाकडे पाऊल टाकलं की जलेबी उठून रोखून पाहायची. आत एक एडका माझ्या स्वेटरची बाही चघळायला लागला होता आणि त्याला ती आवडत होती. मंजू कुंपणाशी येऊन उभी राहिली.

"पाणी देऊ?" तिनं विचारलं.

"मला बाहेर काढ."

"तुमचं ऐकते नं ती. तुम्हीच सांगा."

अखेर आईच लांबून म्हणाली, "बरं, या मग." त्याबरोबर जलेबी उठली, शेपूट हलवत बाजूला झाली आणि आईकडे जाऊन पोळीचा तुकडा घेऊन आली. मंजू तिच्याकडे पाहत राहिली, मग आईकडे पाहत राहिली. मला वाटलं, माझ्या कामगिरीनं तिची वाचा बसली.

रविवारी सकाळी मी पुन्हा मैदानात, पुन्हा शिट्टी, पुन्हा तोच प्रकार. मेंढ्या निघाल्या. तेव्हा मंजू आईच्या कानाशी वाकून म्हणाली, "आई, त्या पाहा, चहा न घेताच निघून राहिल्या."

आईनं वाचत असलेल्या पोथीतून डोकंही वर काढलं नाही. "अगं बाई, अशा कशा? बसा नं, चहा ठेवून राहिली मी!"

जलेबी बाणासारखी गेली. मेंढ्या क्षणात वळल्या, एकत्र आल्या, आईच्या खुर्चीपुढे येऊन उभ्या राहिल्या. मैदान गार. शेरूसुद्धा घोरायचा थांबला.

"माताजी," साहेबांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता, "ये कौन सी कमांड है?"

"कमांड नहीं है, साहब," मंजू म्हणाली. "हमारे यहाँ मेहमान को ऐसे ही रोकते हैं."

मग सगळा उलगडा झाला. वर्षभर, कोणीही उठलं की आई आग्रह करायची, जलेबी पाहुण्याला बसवायची, आई खूश होऊन पोळी द्यायची, आणि चहा झाल्यावर आईनं "या मग" म्हटलं की जलेबी वाट मोकळी करायची. शिकवणी रोजच चालू होती. शिट्टीवाल्या मास्तरला तेवढा पत्ता नव्हता.

आई मात्र हसली नाही. तिनं पोथी मिटली. "म्हणजे मीच बिघडवलं तिला," ती म्हणाली. "काय करू रे? इस्टेटीत दारं उघडी राहात. येता-जाता कोणी डोकावे. तुमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांची दारं लागलेली. कोणी आलं की वाटते, अजून थोडं बसावं त्यानं."

मला फार वाईट वाटलं. आई एकटी आहे हे मला ठाऊक होतं, पण किती एकटी आहे हे मला एका कुत्रीनं दाखवायला लागलं.

सूबेदारसाहेब पुढे झाले. "चलिए माताजी, अब आपकी ट्रेनिंग." दिवसभर मग तेच चाललं. मेंढ्या जायला निघत, आणि आईनं दुसरं काही न बोलता फक्त "या मग" म्हणायचं. मेंढ्यांना जमलं, जलेबीला जमलं, आईला जमेना. पहिल्या खेपेला ती "निदान पाणी तरी" म्हणाली आणि सगळा कळप परत. दुसऱ्या खेपेला तिनं पदर तोंडात कोंबला, पण डोळ्यांनी असा आग्रह केला की जलेबीला तेवढंही पुरलं. संध्याकाळपर्यंत मात्र तिनं जिद्दीनं साधलं. मेंढ्या गेल्या, जलेबी बसून राहिली, आणि आईनं डोळे पुसत शेवटच्या मेंढीलाही निरोप दिला.

सोमवारी दुबेजी आले. बसले. हवापाण्याचं बोलून झालं. मग त्यांनी गुडघ्यांवर हात टेकले. "अच्छा माताजी, चलते हैं."

जलेबीनं मान वर करून आईकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं, मंजूनं पाहिलं. आईचे ओठ घट्ट मिटलेले, हात मांडीवर आवळलेले. दुबेजी एक पाऊल टाकून थांबले, त्यांनीही आईकडे पाहिलं. कितीतरी वेळानं आई म्हणाली, "बरं. या मग."

जलेबीनं डोकं पंजांवर टेकवलं. दुबेजी दाराकडे निघाले. सोफा ओलांडला, टीव्ही ओलांडला, चपला पायात सरकवल्या, कडीला हात घातला. जिंकलो होतो आम्ही. आनंदानं माझा ऊर इतका भरून आला, की तोंडातून आपोआप निघून गेलं, "अरे दुबेजी, ऐसे कैसे? चाय तो पीकर जाइए!"

मंजूनं डोळे मिटून घेतले. जलेबी उठली होती.

दुबेजींनी तिच्याकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. चपला काढल्या आणि परत येऊन सोफ्यावर बसले.

"शक्कर कम," ते म्हणाले. "और कुत्ता रहने दीजिए. उसमें कोई खराबी नहीं है."

आता ते रोज संध्याकाळी येतात, आईशी गप्पा मारतात, आणि आईनं "या मग" म्हटलं की सुखरूप घरी जातात. परवा मी ही सगळी हकीकत सूबेदारसाहेबांना फोनवर सांगितली. ते म्हणाले, पुढच्या महिन्यात पुन्हा शिबिर आहे, आप जरूर आइए.

"जलेबी को लेकर?" मी उत्साहानं विचारलं.

"नहीं, डॉग को घर छोड़िए," साहेब म्हणाले. "सिर्फ पट्टा लेते आइए."