धुक्यातले डबे

लालबागहून निघताना मी तांदळाचा डबा उघडून पाहिला. गोळ्यांची बाटली तळाशी तशीच होती, भरलेली. सायली माझी भाची, एकोणीस वर्षांची. एचआयव्ही तिला जन्मापासून. तिची आई, म्हणजे माझी बहीण, त्यातच गेली. औषधामुळे पोरगी ठणठणीत होती, पण चाळीत गोळी घ्यायची म्हणजे चोरीच. "कसली गं गोळी?" म्हणून विचारायला गॅलरीभर माणसं. शेवटी तिनं गोळ्याच सोडल्या. मी बोलायला लागले की पाठ फिरवायची.

परळची एक संस्था अशा मुलांसाठी काम करते. त्यांनी आम्हा दोघींना आफ्रिकेच्या दक्षिणेला, लेसोथोला पाठवायचं ठरवलं. तिथल्या मुलांना भेटायला. सायली ऐन वेळी अडून बसली. मग मी एकटीच निघाले.

जोहान्सबर्गला बॅग हरवली. स्वेटर गेले त्याचं काही नाही, लाडू गेले ते जिवाला लागलं. कुडकुडत डोंगरातल्या गावी पोचले, तर पालेसानं आपली घोंगडी माझ्या खांद्यावर टाकली. ही तिथल्या संस्थेची तरुण कार्यकर्ती, स्वतःही गोळीवर असलेली. "म्मे (आई), इथली थंडी पाहुणा बघत नाही." जेवायला पापा (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) आणि मोरोहो (परतलेली पालेभाजी). मी दोनदा मागून घेतलं.

दिवेलागणीला दरीतून धुकं वर चढलं. समोरचं घर दिसेना. आणि टण्! कुणीतरी पत्र्याचा डबा वाजवला. मग डावीकडून टण्. मग पाठीमागून. माणूस एक दिसत नव्हता. "बा देवा म्हाराजा," म्हणत मी पालेसाचा दंड धरला.

ती हसली. "गोळीची वेळ. ज्याची गोळी आहे तो वाजवतो, ज्याची नाही तोही वाजवतो. आता कुणाची, ओळखा बघू!"

तेवढ्यात उताराच्या टोकावरच्या घरातूनही डबा वाजला.

"तिथे कोण राहतं?" मी विचारलं.

"कुणी नाही. ते म्फोचं घर. तिनं लाजेपायी गोळ्या सोडल्या. तेव्हा डबे नव्हते, एकटी पडली. गेली. आता आम्ही आळीपाळीनं जाऊन वाजवतो. उद्या तुम्ही जा."

गेले बाई. घरात चूल थंड. खिळ्यावर शाळेचा निळा गणवेश, सायलीचा होता तसाच. मी डब्यावर काठी मारली आणि थांबले. काहीच नाही. गणवेशाची बाही हलली. वारा तर नव्हता. खोटं कशाला सांगू, माझ्या तोंडातून "सायले!" निघालं. मग धुक्यातून उत्तर आलं. एक, दुसरं, मग सगळी दरी. मी तिथंच बसून रडले.

घरी परतले तर गोष्टी ऐकायला अख्खी गॅलरी जमली. सायलीचं नाव न घेता मी डब्यांचं सगळं सांगितलं, ते कशासाठी तेही. "कायतरीच गो तुझा," शेजारच्या राणेकाकी म्हणाल्या आणि चहा पिऊन उठल्या.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी दार सताड उघडलं आणि पातेल्याच्या झाकणावर उलथणं हाणलं.

"मावशी, वेड लागलंय का? सगळ्यांना कळेल ना!"

"काय कळणार? मावशी परदेशातनं खूळ घेऊन आली, एवढंच."

चाळ गप्प. म्फोच्या घरात थांबले होते तशीच मी थांबले. सायली रडवेली झाली होती.

"घे गो, माझा पण!" राणेकाकींनी परात बडवली. मला हसू फुटलं.

ते ओसरलं आणि वरून एक बारीक आवाज आला. टण्. वरच्या मजल्यावर, कुठल्या तरी बंद दाराआडून. एकदाच.

"वर कोण गं?" सायलीनं हळूच विचारलं.

"मला काय माहीत."

"म्हणजे त्यांनाही...?"

"असेल. नसेल."

तिनं छताकडे पाहिलं. मग उठली, तांदळाचा डबा पुढ्यात ओढला आणि कोपरापर्यंत हात आत घातला.