खांद्यावरची चिकटपट्टी

डॉक्टरनी खांद्याचा एक्स-रे फोटो उजेडाला धरला. म्हणाले, "हाड शाबूत आहे. दुखणं रोटेटर कफचं." रोटेटर कफ म्हणजे खांद्याचा गोळा जागेवर धरणाऱ्या शिरा, रक्ताच्या नव्हे, स्नायूंच्या. सोनोग्राफीत माझी एक शीर विरलेली दिसली. पुरती तुटली तर ऑपरेशन, आणि मग पाग फेकता येईल याची हमी नाही.

पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं. आम्ही कळव्याचे कोळी. पाग गेला तर मी कोण उरलो?

त्यांनी ठाण्याला फिजिओथेरपीच्या बाईंकडे धाडलं. बाईंनी इलॅस्टिक टेप लावली. ताणली की लांबते अशी चिकटपट्टी, औषध काही नाही तिच्यात. बाई बोलल्या, "हिने दुखणं थोडं उतरतं, तेही सगळ्यांचं नाही. तेवढ्यात व्यायाम करून घ्यायचा. गुण व्यायामाचा."

मला वाटलं, बाईंचा स्वतःच्याच मालावर भरवसा नाही. संध्याकाळी हात डोक्यापर्यंत गेला की! म्हणजे गुण पट्टीचाच. व्यायाम राहिला बाजूला.

पण पट्टी मला सैल वाटली. वल्हं चिरलं की आम्ही दोरी करकचून आवळतो, तेव्हा ते टिकतं. बाईंनी जास्तीचा तुकडा दिलेला. घरवालीला सांगितलं, ताणून लाव. हिरा बोलली, "बाईंनी एवढी नव्हती वढली."

"वल्ही बाईंनी बांधली का मी?"

तसाच खाडीवर गेलो, पाग फेकला. खांद्यात कळ आली ती डोळ्यांपर्यंत. सकाळी पट्टीखाली फोड, आणि हात तोंडापर्यंत येईना. हिराने चहा पाजला.

बाईंच्या दारातल्या बाकावर दोघं बसलो. हिराने सदऱ्याची बाही फोडांवरून उचलून धरली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

बाईंनी तेल लावून पट्टी सोडवली, तेवढ्यात मी वल्ह्याच्या दोरीचं सांगितलं. हात बाजूला उचलून धरला, म्हणाल्या, आता मी सोडते, तुम्ही धरा. सोडला. हात थरथरला, पण पडला नाही.

"तुटली नाही, सुजलीय. बाबा, वल्हं लाकडाचं असतं, आवळलं तर चालतं. शीर जिवंत आहे. तिला हलवूनच बळ येतं."

कातडी सोललेली, म्हणून पट्टी पुन्हा लागलीच नाही. भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा, रोज. दुखलं तरी. पावसाळा सरला तेव्हा हात वर गेला.

तुमचा खांदा धरला असेल तर पट्टी जरूर लावा, पण फिजिओच्या बाई लावतील तशीच. उतार पडला की व्यायामाला लागा, जाळ्याला नाही.

आता मी लहान पाग फेकतो. पूर्वीसारखा गोल पडत नाही. पहिला पडला त्यातली बोयटं, खाडीची मासळी, हिराने बाईंना नेऊन दिली. मीच सांगितलेलं.