ईशान्येचा उतार

लातूरच्या घरापुढं गाडी लावायच्या जागेत सिमेंटचा कोबा चाललाय. ओला वास पार स्वयंपाकघरापर्यंत आलाय. मिस्त्रींनी विचारलं, "ताई, उतार ईशान्येलाच काढू ना?" आणि मला निलंग्याचं आमचं फाटक दिसलं.

तेव्हा मी नुकतीच शिक्षिका झाले होते. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, जीप घेतली आणि फाटकापासून घरापर्यंत असाच कोबा करून घेतला. नाली पश्चिमेला होती. पण वास्तूचं पाणी ईशान्येला गेलं पाहिजे म्हणून त्यांनी उतार उलटा काढायला लावला. मीच बादली ओतून पाहिली. पाणी सरळ धार धरून शेजारच्या शेवंतामावशीच्या भिंतीपाशी गेलं. अण्णा खूश झाले. मीही.

श्रावणात मावशी आली. पदराला हात पुसत म्हणाली, "अण्णा, तुमचं पाणी माझ्या भितीत मुरून राहिलंय. मातीची भित हाय."

"पाऊस उघडू दे, नाली काढून देतो," अण्णा म्हणाले.

पाऊस उघडला नाही. चौथ्या दिवशी सकाळी ती भिंत आत कोसळली. मावशी चुलीपुढं बसली होती. माणसं हातांनी पांढरी माती उपसत होती, आणि ढिगाऱ्यातून अजून चुलीचा धूर निघत होता. मावशीला बाहेर काढलं तेव्हा तिच्यात जीव नव्हता.

मला तिच्याकडं बघवेना. मी मान वळवली ती आमच्या कोब्याकडं. एवढ्या पावसातही तिथं थेंबभर पाणी साचलं नव्हतं.