शंभर टक्के निकालाची शाळा

आमच्या शाळेचा दहावीचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागायचा. तो कसा लागतो हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण तो लावणाऱ्यांत मीही होते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नाशिकच्या त्या खासगी शाळेत मी नववीची वर्गशिक्षिका होते, गणित शिकवायचे. वार्षिक परीक्षा संपली की मुख्याध्यापक कच्च्या मुलांची यादी वर्गशिक्षिकेच्या हातात ठेवायचे. मग एकेका पालकाला बोलावून सांगायचं, दाखला नेलात तर पास करतो, दुसरीकडे दहावीला बसवा. इथंच ठेवलंत तर नापास. वर्ष कोणाला वाया घालवायचंय? सगळे मुकाट्याने दाखला न्यायचे.

एका वर्षी त्या यादीत मखमलाबादच्या मळ्यातली एक मुलगी होती. सकाळी आईबरोबर झेंडू तोडून शाळेत यायची. बाकी सगळ्या विषयांत पास, गणितात मात्र नापास. पण एकदा समजावलं की तीच चूक पुन्हा करायची नाही. तिला सहा महिने कोणीतरी जवळ बसवायला हवं होतं, बस्स. मी मुख्याध्यापकांना तसं म्हणाले.

"एका पोरीपायी निकाल घालवता का, बाई?"

मी यादी घेऊन बाहेर आले. घाबरट होते, दुसरं काय!

तिची आई आली. दाखल्यासाठी पालकाचा अर्ज लागायचा आणि तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून तो मीच लिहिला : घरगुती अडचणीमुळे माझ्या पाल्यास शाळा सोडल्याचा दाखला मिळावा. तिने खाली अंगठा उठवला. "पोरगी दहावीत गेली, लय उपकार झाले बाई तुमचे," म्हणाली. मुलगी शेजारीच उभी होती. अर्ज तिला वाचता येत होता.

महापालिकेच्या ज्या शाळेत ती गेली, तिथे आमच्यासारख्या शाळांनी काढलेल्या मुलांनी वर्ग भरला होता आणि गणिताला शिक्षकच नव्हता. पुढच्या जूनमध्ये आमचे सगळे पास झाले. ती गणितात नापास झाली. शिक्षकखोलीत पेढे आले. "महापालिकेच्या शाळांत शिकवतच नाहीत हो," एक सहकारी म्हणाली. मी मान हलवली आणि पेढा खाल्ला. त्या पेढ्याची मला अजून लाज वाटते.

त्याच आठवड्यात तिची आई धाकटीला घेऊन पाचवीच्या प्रवेशाला आली. प्रवेशाचे अर्ज भरून घ्यायला मीच बसले होते. थोरलीचं काय, मी विचारलं. दिंडोरीकडचं स्थळ आलं होतं. लग्न ठरलं होतं.

"तुमच्याकडं व्हती तवर पास व्हत व्हती," ती म्हणाली. "म्युन्शिपाल्टीच्या शाळेत टाकली अन् वाटोळं झालं. चूक माझीच हाय. धाकटीला नाय हलवायची आता इथून."

धाकटी वाकून माझ्या पाया पडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगायला तोंड उघडलं, आणि म्हणाले, "हिची जन्मतारीख सांगा."