खंडेनवमी आणि आमची जोडलेली गँग

यंदा खंडेनवमीला परळच्या आमच्या सेक्शन ऑफिसात भलतीच पंचाईत झाली...

मी वीज कंपनीत आहे, केबल दुरुस्त करणाऱ्या गँगची सुपरवायझर. माझ्या नोकरीत कंपनी आता तिसऱ्यांदा विकली गेली. दर वेळी मालक बदलतो, मग युनिफॉर्मचा रंग बदलतो, आणि बाथरूमचा गळका नळ मात्र तसाच राहतो!

या नव्या मालकांनी रिस्ट्रक्चरिंग फारच मनावर घेतलं. परळ आणि कॉटन ग्रीनच्या दोन गँगची परळला एक गँग केली. वर मला सांगितलं, दिवाळीपर्यंत यांचं जमलं तर ठीक, नाहीतर काम कॉन्ट्रॅक्टरला आणि माणसं जिथे जागा असेल तिथे...

माझी झोपच उडाली. कारण ही दोन्हीकडची मंडळी चहासुद्धा वेगवेगळ्या टपरीवर प्यायची.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही. पण लाइट काय सण बघून जाते? म्हणून हत्यारांची एक पेटी पूजेबाहेर ठेवायची, हाही तितकाच जुना नियम.

कॉटन ग्रीनला ही बाहेरची पेटी कायम तिथल्या गँगमधल्या कांबळेंची असायची. ते बौद्ध, पूजा करत नाहीत. त्यामुळे तिकडे कोणाची ठेवायची हा प्रश्नच कधी आला नाही. हे आमच्या तात्यांच्या कानावर होतं. तात्या म्हणजे परळचे सगळ्यात जुने जॉइंटर, तुटलेली केबल जोडणारे, मूळचे मालवणकडचे, आणि देवधर्माच्या बाबतीत एकदम कडक.

पूजा झाली, पेढा तोंडात, तेवढ्यात फोन. चिंचपोकळीच्या एका चाळीत लाइट गेलेली आणि तिथल्या एका खोलीत आजोबा ऑक्सिजनच्या मशीनवर...

"कांबळे, तुमची पेटी घ्या, निघा," मी म्हटलं. कांबळेंनी हळूच पूजेकडे बोट दाखवलं. झेंडूच्या माळेखाली त्यांचीही पेटी!

पहिलंच वर्ष, आपण वेगळे दिसायला नको, म्हणून त्यांनी सकाळी स्वतःहून नेऊन ठेवली होती. आणि तात्यांनी, कांबळेंची बाहेर असणारच या भरवशावर, आमच्या सगळ्या पेट्या आत लावल्या होत्या. सेक्शनमध्ये एक पक्कड बाहेर नाही...

सगळे तात्यांकडे बघायला लागले. कांबळेच पुढे झाले. "माझी उचलतो ना तात्या, मला त्याचं काही नाही."

"थांब रे," तात्या म्हणाले. "तू एकटोच कित्याक? पयली माझी उचलतंय." हात जोडले, माळ बाजूला सारली आणि पेटी उचलली. मग कांबळेंनी आपली घेतली. दोन्ही गँगची माणसं एकाच गाडीत अशी कोंबून बसली, की मला पुढे ड्रायव्हरशेजारी जेमतेम जागा मिळाली.

चाळीत पोचलो. मशीन बॅटरीवर चालू होती, आजोबा ठीक होते. त्यांची सून मात्र दारातच उभी होती, आमच्याकडे डोळे लावून. बॅटरी संपायच्या आत लाइट आली. ती आत जाऊन सगळ्यांसाठी सरबत घेऊन आली. कुंकू लागलेल्या हातांनी आम्ही ते प्यायलो.

परत निघताना तात्यांनी कांबळेंच्या खांद्यावर हात ठेवला. "पुढल्या वर्षी तुझी पेटी भायेरच ठेव रे बाबा. आमच्यासाठी आत नको ठेवू."

कांबळे नुसते हसले. मला मात्र भरून आलं, खोटं कशाला बोलू...

दिवाळीच्या आधी हेड ऑफिसमधून फोन आला, गँगचं जमलं का? मी म्हटलं, जमलं. कसं जमलं ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पण कोणीही कुठे गेलं नाही, सगळे इथेच आहेत. कंपनी पुन्हा विकली गेली तर जाऊ दे बापडी... ही माणसं माझ्या वाट्याला आली, त्यातच मी खूश आहे.