लांडग्याच्या बिळावरचं झाड

कुसळं… गणवेशाच्या स्कर्टात, मोज्यांत, वेणीच्या रिबिनीत, दप्तराच्या शिवणीत रुतून बसलेली सोनेरी कुसळं. बालपणाकडे वळून पाहिलं की इतरांना म्हणे फुलं दिसतात. मला आधी ही टोचतात.

कर्जतकडच्या आमच्या गावापासून शाळेकडे जाणारी वाट माळातून जायची. मार्गशीर्षात गवत पिकून पिवळंधमक व्हायचं, वारा सुटला की अख्खा माळ पाण्यासारखा हेलकावायचा, आणि तापलेल्या गवताचा, मेंढ्यांच्या लेंड्यांचा, खरपूस मातीचा मिळून एक वास यायचा — तो आज कुठेच येत नाही. पायाशी एखादा चंडोल बसलेला असायचा, तो भुर्रकन उडून थेट आभाळात जाऊन गायचा, आणि खाली गवताच्या बुडाशी वाटीएवढ्या खळग्यात त्याची ठिपकेदार अंडी.

माळाच्या कडेच्या वाडीत बिरूमामा धनगर राहायचा. नात्यातला नव्हे, पण सगळ्या पोरांचा मामा. त्याच्या कळपातलं एखादं कोकरू लांडगा उचलून न्यायचा, तेव्हा मामा दोन शिव्या हासडायचा आणि तिथंच थांबायचा. मागे धावायचा नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "त्याचा वाटा हाय त्यो. त्यो हाय म्हनून ससं-हरनं आवरत्यात, ती आवरत्यात म्हनून गवत ऱ्हातं, आन् गवत ऱ्हातं म्हनून माझी मेंढरं. एक कोकरू गेलं तर काय आभाळ कोसळतंय व्हय?" मेंढ्यांच्या लेंड्या शेणकिडे मातीत गाडत, त्या किड्यांवर चंडोलाची पिल्लं पोसत, गाडलेल्या खतावर पुन्हा गवत तरारत असे. पुढे मोठ्या पुस्तकांत मी जे वाचलं, त्यात यापेक्षा वेगळं काही नव्हतं.

ओढ्याच्या उतारावर लांडग्याचं एक बीळ होतं. मामानं मला ते लांबून दाखवलं होतं. "पौषात हितं पिल्लं व्हत्यात. जवळ जायाचं न्हाई."

सरकारी कागदावर मात्र या माळाला 'पडीक' म्हणत. जिथं इतकं काही जगतंय त्या जमिनीला पडीक म्हणायला माणूस कागदावरच जगणारा असावा लागतो!

मी सहावीत असताना आषाढात शाळेनं वृक्षदिंडी काढली. पालखीत रोपटं, पुढे लेझीम, मागे आम्ही, आणि गुरुजी घसा ताणून सांगत होते की उघडा माळ ही गावाची लाज आहे. प्रत्येकाला गिरिपुष्प या भराभर वाढणाऱ्या परदेशी झाडाचं एकेक रोप मिळालं. खाली सगळा मुरूम; पहार टणकन उडायची, तळहाताला फोड आले, पोरं एकेक करून पहार टाकून बसली… आणि मला ते बीळ आठवलं. आयता खड्डा. आत कुणी नव्हतं. मी मऊ माती लोटली, रोप उभं केलं, पायानं दाबलं. सगळ्यांत आधी माझं झालं.

संध्याकाळी मेंढरं परतवताना मामानं ते पाहिलं.

"बुजवलंस व्हय गं?"

"मोकळंच होतं, मामा. आणि सावली होईल की."

"माळाला सावली कशाला? त्याला ऊन लागतं, पोरी."

मला त्याचा राग आला. अडाणी आहे, असं वाटलं. होय, तसंच वाटलं. आता गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

उकरलेल्या मऊ मातीत माझंच झाड सर्वांत जोमानं वाढलं. मला बक्षीस मिळालं, रोपासह काढलेला फोटो शाळेच्या भिंतीवर लागला. त्या पौषात लांडगी आली नाही. नंतरही कधीच नाही. झाडं दाट झाली, त्यांच्याखालचं गवत मेलं, त्या पाल्याला मामाच्या मेंढ्या तोंड लावेनात. चंडोल उठून गेले. झाडीच्या आडोशाला रानडुकरं आली, ती शेतातला भुईमूग उकरतात, आणि गाव कपाळाला हात लावून विचारतं — ही डुकरं आली कुठून? अरे, तुम्हीच बोलावलीत. वाजतगाजत बोलावलीत!

निम्मा माळ तरी उरला होता. तो वाचावा म्हणून यंदाच्या उन्हाळ्यात मी ग्रामसभेत उभी राहिले. ठराव होता: उरलेल्या माळावर यंत्रानं चर खोदून झाडं लावणे. मी गवत सांगितलं, लांडगा सांगितला, डुकरं सांगितली. सरपंच हसत ऐकत होते. मग त्यांनी शाळेतून मागवलेला फोटो टेबलावर उभा केला. दोन वेण्या, मातीचे हात, मी.

"ताई, ह्या कोन म्हनायच्या?"

सभा खदखदून हसली. मागून कुणीतरी ओरडलं, "लांडग्याला घरकुल द्या की मंजूर करून!"

"मी चुकले होते," मी म्हटलं. "झाड लावून चुकले होते."

झाड लावणं ही चूक असते, हे आमच्या गावात कुणाच्या कानात शिरत नाही. ठरावाविरुद्ध दोन हात वर झाले. एक माझा. दुसरा मागे भिंतीला टेकून बसलेल्या बिरूमामाचा. मेंढरं विकून तो आता कुणाच्या तरी फार्महाऊसचं फाटक उघडतो-लावतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुऱ्हाड घेऊन गेले आणि माझं झाड बुडापासून तोडलं. गावात नाव पडलं — झाडं तोडणारी पर्यावरणवाली. पडू दे.

पावसाळ्यात यंत्र येऊन गेलं. उरलेल्या माळावर आता उताराला आडव्या लांबच लांब चरी आहेत, आणि काठानं ओळीनं तीच रोपं. परवा, ऐन मार्गशीर्षात, मी बिळापाशी गेले होते. तोडलेल्या बुंध्याला हातभर लांबीचे सात हिरवेगार फुटवे आले होते. मी खाली बसून ते एकेक करून मोडले. पुन्हा येतील, पुन्हा मोडेन. मोडताना सवयीनं मोज्यांकडे हात गेला.

एकही कुसळ नव्हतं.